पाइप फाटला तं नाही ना?

आमच्या बंबावरच्या फगूला मसणात पोचवून आलो त्या दिवशी सकाळपासून गरम वारा सुटला होता. असा वारा सुटला का आम्ही बंबवाले जेवतानाही बूट काढत नसू. गोंदियात तेव्हा एकच बंब, वर आम्ही मूठभर माणसं. आगी विझत गेल्या, किस्से साचत गेले. लोक म्हणतात, काका, हसायचे सांगा. सांगतो. मला संताप येतो, तुम्ही हसा.

*

आग विझली का आमचे साहेब एकच विचारत, "पाइप फाटला तं नाही ना?" एकदा तांदळाच्या मिलवरून आलो तं फगूचे दोन्ही हात पोळलेले. साहेबांनी तेच विचारलं. फगू म्हणाला, "पाइप बराबर हाये साहेब. धरनारा फाटला."

साहेबांनी पाइप तपासला आणि गेले!

*

आग नसली का बंब साहेबांच्या बंगल्यावर, बागेला पाणी द्यायला. तिथंच एकदा वर्दी आली, कोणाची तनस, धानाच्या पेंढ्याची गंजी, पेटली म्हणून. बाईसाहेब म्हणाल्या, "बस, दो क्यारी बाकी है." पोचलो तोवर राख. मालकाच्या शिव्या आम्हीच खाल्ल्या. परतताना फगू हळूच म्हणे, "गुलाब तं वाचले ना?"

*

माझे शेजारी मनिरामभाऊ. त्यांचं घर पेटलं तेव्हा फगू आत शिरला, धाकट्याला काखेत मारून बाहेर आला. थोरल्यासाठी परत वळला तं छप्पर खाली आलं होतं.

त्यानंतर फगू माझ्याकडे यायचा तो मागच्या वाटेनं. समोरून काऊन येत नाही, विचारलं. म्हणे, "मनिरामभाऊ मले पानी देतात ना गा. शिव्या देत असते तं आलो असतो."

*

आमच्या ड्रायव्हरनं आधीच जीव दिला होता. साहेब म्हणाले, दारू. आता फगूनं दिला. साहेब म्हणाले, घरची कटकट.

मी जन्मात कोणावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "समोरच्या मिलमधे एवढी मानसं हायेत साहेब. तेथं कोनी पीत नाही? कोनाच्या घरी कटकट नाही? मंग आमच्यातलेच दोघं काऊन गेले?"

साहेबांनी सामानाचं रजिस्टर उघडलं. मग म्हणाले, फगूचा डोक्यावरचा पितळी टोप ऑफिसात जमा करून टाका.

*

फगूच्या बायकोकडून टोप घेऊन निघालो. मनिरामभाऊ दारात उभे होते. त्यांनी टोप हातात घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत दिला.

म्हणाले, "जागा खाली झाली असन ना, भाऊ. फगूनं काढला तो पोरगा आता मोठा झाला. साहेबाले सांगून लावून द्या न त्याले."