शेजाऱ्यांचा प्रवेश

शेजाऱ्यांना सगळे शेजारीच म्हणतात. नाट्यगृहाचा पहारेकरी म्हणतो, समोरचा चहावाला म्हणतो, आणि त्यांची बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे शेजारी अजून आले नाहीत" असं म्हणते तेव्हा नव्या माणसाला भलताच संशय येतो. खरी पंचाईत होते ती त्यांच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या कुटुंबाची. त्यांना आम्ही "शेजाऱ्यांचे शेजारी" म्हणतो आणि ते बिचारे हाकेला ओ देतात.

आमची नाटक मंडळी कायमची आहे. म्हणजे इमारत मंडळीची, नट पगारी, आणि आठवडाभर वेगवेगळी नाटकं आलटूनपालटून. आज जो खुनी, तो उद्या न्यायाधीश आणि परवा नुसताच गर्दीतला एक. ज्यांना रोज पोस्टरवर आपलंच तोंड पाहायचं असतं, त्यांनी आमच्याकडे येऊ नये. तरी येतात, आणि वर्षभरात तेच तोंड वाकडं करून निघून जातात. मला अशा लोकांचा मनस्वी कंटाळा आहे. शेजारी आले ते राहिले.

ते आले कसे, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. एक नट तडकाफडकी सोडून गेला होता आणि त्याच्या मापाचे डझनभर कोट कपडेपटात लटकत होते. नवे शिवायचं कोणाच्या मनात नव्हतं. म्हणून नव्या नटांची निवड होती त्या दिवशी कपडेपटाच्या मावशी परीक्षकांच्या रांगेत टेप घेऊन बसल्या. शेजाऱ्यांचा आवाज बसलेला होता आणि पाठ केलेलं भाषण ते अर्ध्यातच विसरले. मावशींनी उठून त्यांचे खांदे मोजले आणि म्हणाल्या, "हा घ्या. बाह्यासुद्धा आखूड कराव्या लागणार नाहीत." झाली निवड. हे सांगून झालं की ते वर म्हणतात, "अभिनय मागाहून शिकता येतो. खांदे कुठून आणणार?"

पुढे थोड्याच दिवसांत मी आले. तेव्हापासून ते माझे वडील झालेत, नवरा झालेत, सासरे झालेत, आणि एकदा एक जण आजारी पडला म्हणून मिशी काढून माझा मुलगासुद्धा. मी त्यांना मांडीवर डोकं ठेव म्हटलं, तर ते इतके केविलवाणे दिसले की मला खरोखरच माया वाटली. माझ्या नवऱ्याला या सगळ्याची सवय झाली आहे. तो म्हणतो, तुझी नाती मोजायला बसलो तर मलाच माझं नातं आठवायचं नाही.

नायक मात्र ते कधीच झाले नाहीत. मी एकदा विचारलं, वाटत नाही का हो कधी? तर म्हणाले, "नायकाला उसंत नसते गं. मी मधल्या वेळात घरी जाऊन पोरीचा अभ्यास घेऊन येतो." घर नाट्यगृहाच्या मागच्याच गल्लीत. मिशी लावलेला, कधी दाढी चिकटवलेला बाप गुणाकार शिकवतो, हे त्या पोरीला अजिबात विचित्र वाटायचं नाही. आता तिला स्वतःची मुलं आहेत आणि गुणाकारात ती अजून पक्की आहे.

त्यांना हे टोपणनाव मिळालं ते आमच्या सगळ्यात जुन्या नाटकामुळे. गोष्ट साधी आहे. एका घरी संध्याकाळी पाहुणे यायचे असतात, आणि त्याच दिवशी नवऱ्याची नोकरी जाते. बायकोला तो सांगत नाही. प्रेक्षकांना ठाऊक असतं, तिला नसतं. ती बायको मी. मधल्या अंकात नवरा पाहुण्यांना आणायला जातो आणि मी आतल्या खोलीत जाऊन मेजवानीचा पोशाख घालून बाहेर येते. मग तोवर रंगमंचावर कोण? लेखकाने वेळ मारून न्यायला एक शेजारी घातला. तो शिडी मागायला येतो, घरात कोणी दिसत नाही, थोडा थांबतो आणि शिडी न घेताच निघून जातो. वाक्यं म्हणाल तर दोन-तीन. स्वच्छ सांगायचं तर मला कपडे बदलता यावेत म्हणून तो प्रवेश आहे.

दाराआड मावशी माझ्या पाठीचे हूक लावायच्या. मानेपासून कंबरेपर्यंत बारीक हुकांची अख्खी ओळ होती. शेवटचा लागला की मी बुटात पाय सरकवायचे आणि टाच फळीवर दोनदा आपटायचे. ती ऐकली की शेजारी "नंतर येतो मी" म्हणून निघायचे आणि मी बाहेर यायचे. एखादा हूक अडला, की टाच वाजेपर्यंत ते थांबायचे. किती वेळ थांबावं लागेल हे त्यांना कधीच ठाऊक नसायचं. मला आत फक्त लोकांचं हसणं ऐकू यायचं. पेपरात यायचं की या नटाला शांततेची नस सापडली आहे. नस कसली, माझे हूक.

आमच्या धंद्यात होते तशी चूकही त्यांनी त्याच नाटकात केली. मंडळीच्या नेपथ्यात बाहेरचं दार एकच, रंग बदलून सगळ्या नाटकांत वापरतात. ओळीने काही दिवस ते दुसऱ्या नाटकात डॉक्टर करत होते. मग आमच्या नाटकाच्या पहिल्या अंकात, जिथे शेजारी नुसता डोकावून जातो, तिथे ते दार उघडून तरातरा आत आले, माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय?" मी काय बोलणार. म्हटलं, "तुम्ही शेजारी राहायला आलात तेव्हापासून." लोक हसून लोळले. तेव्हापासून ती दोन्ही वाक्यं नाटकात आहेत. लेखकाची परवानगी घ्यायला लेखक हयात नव्हते.

वय झालं तसं पाठांतर त्यांना दगा द्यायला लागलं. त्यांनी कुरकुर केली नाही. आपणहून एकेक भूमिका तरुणांना देऊन टाकली, प्रत्येकाला शेजारी बसवून शिकवली, आणि शेवटी त्यांच्याकडे तो शिडीवाला तेवढा उरला. बोलणं फारसं नाही, त्यामुळे विसरायचीही भीती नाही. पण आमच्या मंडळीत एक नियम आहे. ज्याच्याकडे एकही भूमिका नाही, तो मंडळीत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, मागे तर मुळीच जाईना. मावशींनी हूक उसवून चेन लावली, तरी दुखणं बाहीत हात घालताना होतं, त्याला चेन काय करणार. मी दात-ओठ खाऊन बाही चढवायचे, मावशी "सावकाश, सावकाश" म्हणायच्या. त्या अवस्थेत वेळेचं भान कोणाला असतं? बाहेर हसणं पूर्वीपेक्षा वाढलेलं ऐकू यायचं आणि मला वाटायचं, आज स्वारी भलतीच रंगात आहे.

एकदा मी खांद्याला लावायचं मलम आणायला औषधाच्या दुकानात गेले. तिथे काउंटरवर शेजाऱ्यांची बायको असते, आमच्या सगळ्यांची वहिनी. नळी कागदात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "तुम्ही तरी समजवा हो यांना. या वयात टाळ्यांची हाव सुटली आहे. दिग्दर्शिका बाईंनी दोनदा सांगितलं, प्रवेश लांबवू नका, नाटक उशिरा सुटतं, लोकांच्या बस चुकतात. हे मान डोलावतात आणि पुन्हा तेच. आता म्हणे पुढच्या महिन्यापासून तो प्रवेशच काढणार. त्या जागी नाटकातला नवरा फोनवर दोन वाक्यं बोलेल."

"मग शेजारी?"

"घरी. मला चालेल हो. पण घरी बसून ते माझी कपाटं लावत बसतील, आणि मग मला काही सापडणार नाही."

ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. मी ते मलम हातात धरून तशीच उभी राहिले. तो माणूस का लांबवत होता, हे जगात फक्त एकाच बाईला कळायला हवं होतं, आणि तिलाच कळलं नव्हतं.

राग माझ्या नाकावर असतो, सगळ्यांना ठाऊक आहे. मी सरळ रंगपटात गेले. शेजारी आरशासमोर मिशी चिकटवत होते.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"काय चालवलंय?"

"माझा खांदा धरलाय, म्हणून थांबावं लागतं, हे बाईंना का नाही सांगितलं?"

"खांदा तुझा. तू सांगायचं."

"आणि तुमचा प्रवेश गेला तर?"

त्यांनी मिशीची उरलेली बाजू दाबून बसवली. "टाच वाजल्याशिवाय मी निघू कसा? रंगमंच मोकळा टाकून? ते मला जमायचं नाही." मग आरशातूनच माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि खरं सांगू का, मजा येत होती गं. इतका वेळ मला आजवर कोणी दिला होता?"

मला इतका राग आला की रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीआधी मी दिग्दर्शिकेला गाठलं. मुलगी वयाने लहान, पण डोक्याने पक्की. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ताई, शेजारीकाकांचा प्रश्नच नाहीये."

"नाहीये. माझा आहे."

पुढचं तिला बोलवेना, हे मला दिसत होतं. म्हणून मीच म्हटलं, "नाटकातली बायको पस्तिशीची आहे. मी कितीची आहे ते आपण काढायला नको. ती भूमिका नव्या मुलीला दे. पण शेजाऱ्यांचा प्रवेश हलवू नकोस."

"नक्की ना ताई? नाहीतर नंतर मला म्हणाल."

"म्हणेन. तू लक्ष देऊ नकोस."

ती हसली आणि कबूल झाली. मी मोठ्या मनाने दिली वगैरे कोणी समजू नये. देताना जिवावर आलं. घरी जाऊन मी नवऱ्यावर विनाकारण डाफरले, आणि त्याने विनाकारण ऐकून घेतलं. माझ्याकडे इतर नाटकं होती, आहेत. पण ते नाटक ते नाटक.

नव्या मुलीला मी भूमिका शिकवली. टाचेचंही शिकवलं. ती म्हणाली, हे संहितेत कुठे आहे? मी म्हटलं, कुठेच नाही, तू आपट. तिचा पहिला प्रयोग ठरला तेव्हा मी विंगेत उभी राहणार होते, पण शेजारी म्हणाले, "तू इथे उभी राहिलीस तर ती पोरगी घाबरेल. बाहेर जाऊन बस." म्हणून मी प्रेक्षागृहात जाऊन बसले.

पहिला अंक बरा झाला. मुलगी माझ्यासारखं करत नव्हती, ते मी मनातल्या मनात माफ केलं. मधल्या अंकात नवरा पाहुण्यांना आणायला गेला, ती आत गेली, रंगमंच रिकामा झाला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की इथून पुढचं मी आयुष्यात कधी पाहिलेलंच नाही. मी कायम दाराआड.

शेजारी आले. हलकेच हाक मारली. शिडी समोरच भिंतीला टेकलेली होती. त्यांनी ती पाहिली आणि लगेच तिच्याकडे पाठ केली, जणू दिसलीच नाही. लोक हसले. खुर्चीवर टेकले, परक्याच्या घरात बसल्यासारखे अर्धेच टेकले, पुन्हा उठले. पाहुण्यांसाठी मांडलेल्या टेबलावरचा एक चमचा सरळ केला. बशा मोजल्या. मग आतल्या दाराकडे तोंड करून उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. एक पाऊल पुढे, एक मागे. पुन्हा उघडलं. लोक हसत होते, आणि हसता हसता गप्प होत गेले, कारण तोवर सगळ्यांना कळलं होतं. हा माणूस शिडीसाठी आलाच नाही. याला नवऱ्याची नोकरी गेल्याचं समजलं आहे. आत एक बाई आनंदाने नटते आहे, आणि हा तिला सांगावं की न सांगावं म्हणून दाराशी उभा आहे. संहितेत यातलं एक अक्षर नाही.

टाच वाजली. शेजाऱ्यांचा चेहरा पडला, लगेच सावरला. "नंतर येतो मी," म्हणाले आणि गेले. इतकी वर्षं तो माणूस मला ते सांगायला तिथे उभा होता, आणि मी आतून पाय आपटून त्याला वाटेला लावत होते.

प्रयोग संपल्यावर मी रंगपटात गेले. ते मिशी काढत होते.

"नोकरीचं तुम्हाला कळलेलं होतं?"

"मला नाही. शेजाऱ्याला."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून." मिशी त्यांनी कागदावर नीट पसरून ठेवली. "नाहीतर तेवढा वेळ मी तिथे करणार काय होतो?"

पुढच्या प्रयोगाला मी नवऱ्यालाही ओढून नेलं. शेजारी आत आले तेव्हा तो माझ्या कानाशी काहीतरी बोलायला लागला. मी त्याला बोलू दिलं नाही.