पाव्हणे आल्याचा निरोप

आमच्या शाळेनं संकटकाळाची तयारी करायची ठरवली, तेव्हा माझ्या वाट्याला घाबरण्याचं काम आलं.

तालुक्याला प्रशिक्षण झालं होतं. आग, साप, भूकंप हे सगळं होतंच. भूकंपाचं आमच्याकडं कुणाला फार वाटत नाही, जमीन अधूनमधून गुरगुरते आणि माणसं चहा पीत राहतात. या वेळी नवीन होतं ते मनाचं. एखादं लेकरू एकदम घाबरलं, त्याला श्वास पुरेना, रडू थांबेना, तर काय करायचं? शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की गर्दी करू नका, उपदेश करू नका. एकानंच जवळ बसा, ऐका, आणि मुख्याध्यापकांना गुपचूप निरोप पाठवा.

आमच्या मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, यातलं ‘गुपचूप’ तेवढं फार आवडलं. त्यांनी निरोपासाठी खुणेचं वाक्य ठरवलं, ‘पाव्हणे आले.’ बाकीच्या लेकरांना संशय येणार नाही, म्हणाले.

सरावात विद्यार्थ्याला घाबरवायचं नाही, अशी सूचना होती. मी मराठी शिकवते आणि गॅदरिंगची नाटकं बसवते, म्हणून मला अभिनय येतो असं सगळे धरून चालले. माझ्याजवळ बसायला गणिताचे सर नेमले, कारण ते कमी बोलतात. सर लातूरकडचे. बायको-लेकरं तिकडं, आणि हे आमच्या डोंगरकडा गावात केळीच्या एका व्यापाऱ्याच्या माडीवर एकटे राहायचे. बाजूला बसून पेपर तपासत असले तरी कळू नये, असा माणूस.

जागा ठरली खिचडीच्या तांदळाची खोली. शनिवारी प्रार्थना झाल्यावर मी तिथं एका पोत्यावर बसून धापा टाकायला लागले. सर समोरच्या पोत्यावर बसले. ठरल्याप्रमाणे शिपाईमामा निरोप घेऊन ऑफिसात गेले.

इथून पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. मोठे सर त्या आठवड्यात एकाच धास्तीत होते, वरचे साहेब न सांगता तपासणीला येणार म्हणून. मामा दारात उभे राहून म्हणाले, पाव्हणे आले. स्वतः ठरवलेलं वाक्य मोठ्या सरांच्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी विचारलं, कोण आलेत? मामा गुपित पाळण्यात पक्के. म्हणाले, “ते सांगायचं न्हाई, सर.”

मग काय, घंटा झाली. सातवीच्या पोरी स्वागतगीताला उभ्या राहिल्या. खिचडीवाल्या मावशींनी चहा टाकला. खेळाचे सर मैदानावर चुन्याची फक्की मारायला धावले. हार करायला फुलं मिळेनात, तर कुणीतरी नाल्याकाठची बेशरमाची जांभळी फुलं तोडून आणली.

इकडं माझा घसा कोरडा पडला होता. धापा टाकून टाकून मला खरंच चक्कर यायला लागली, आणि बाहेरून पेटीचे सूर ऐकू यायला लागले. मी हळूच म्हणाले की सर, कुणीच येईना. सर माझ्याकडं गणित चुकलेल्या पोराकडं बघावं तसं बघत होते.

“मॅडम, तुमचं बराबर न्हाई. असं होत नसतं.”

मला जरा रागच आला. विचारलं, मग कसं होतं?

त्यांनी छातीवर हात ठेवला. “हितं आवळतं. बोटांला मुंग्या येतात. लोकांचा आवाज लांबून आल्यासारखा येतो. दहावीच्या वर्गात जायच्या आधी रोज व्हायलंय मला.”

एवढं बोलले आणि त्यांचे डोळे भरले.

मी धापा टाकायची थांबले. माझ्या तोंडात उपदेशांची रांगच लागली होती. ब्राह्मीचं तेल, पहाटेचं फिरणं, माझ्या मावसभावाचा अनुभव. मी जीभ चावली आणि सरकून त्यांच्या पोत्यावर बसले. म्हणाले, मी हितंच आहे. सर रडत राहिले. खूप दिवसांपासून झोप नाही, गावाकडं सांगायची सोय नाही, गणिताचा मास्तर फळ्याला भितो म्हटल्यावर लोक हसतील, असं तुटक तुटक सांगत राहिले. मला हसू आलं नाही. खरं तर मलाही फळ्याची थोडी भीती वाटायला लागली.

तेवढ्यात दार उघडलं. सगळ्या शाळेत पाहुणे शोधून मोठे सर शेवटी इथं पोचले होते. हातात बेशरमाचा हार, मागं चहाचा ट्रे घेतलेल्या मावशी, त्यांच्यामागं गाणाऱ्या पोरी. मोठे सर आमच्याकडं बघत राहिले.

“मॅडम, घाबरायचं तुमच्याकडं होतं ना?”

“सर, ह्यांचं खरं आहे,” मी म्हणाले.

त्यांना समजलं. त्यांनी ट्रे आत घेतला, मावशींना आणि पोरींना माघारी पाठवलं, दार लोटलं. हाराचं काय करावं कळेना, तो तांदळाच्या वजनकाट्यावर टाकला. मग तिसऱ्या पोत्यावर बसले आणि गप्प राहिले. माइक नसला तरी भाषण करणारा हा माणूस गप्प बसलेला मी पहिल्यांदाच बघितला. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाले, चहा घ्या सर, निवतोय.

सोमवारी मोठे सर स्वतःच्या गाडीतून गणिताच्या सरांना हिंगोलीला सरकारी दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. सगळ्या वाटेनं स्वतःच्या बीपीबद्दल बोलले आणि तिथं स्वतःलाही तपासून घ्यायचं म्हणून अडून बसले. खुणेचं वाक्य रद्द झालं. मी ‘हळद शिजली’ सुचवलं होतं, पण आमच्याकडं हळद घरोघर पिकते, त्यानं अर्धा गाव घमेली घेऊन आला असता. आता जे झालंय तेच सांगायचं असं ठरलं.

सरांना गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांकडं जाऊन बोलणंही सुरू झालं. काही आठवडे दहावीचा गणिताचा तास मोठ्या सरांनी घेतला. त्यांचा विषय इतिहास, तेव्हा वर्गाला लढाया भरपूर आणि समीकरणं कमी मिळाली. दिवाळीनंतर सरांची बायको-लेकरं इथंच राहायला आली.

त्रास पुरता गेलेला नाही. पण आता सर दारातच वर्गाला सांगतात, मला दोन मिनिटं लागतील. व्हरांड्यात उभं राहून सावकाश श्वास घेतात आणि आत जातात. लेकरं तोवर शांत बसतात. अलीकडं भूमितीचा तास आला की निम्मा वर्गही दोन मिनिटं मागतो. सर देतात.