राक्षसाची दाढ

आमच्या लोधीपुऱ्यातल्या घरी एक दाढ होती. जेमतेम मुठीत मावेल एवढी, काळपट, दगडासारखी जड. तापीचा पूर ओसरल्यावर दरडीतून ती वर आली होती आणि माझ्या आत्याच्या सासऱ्यांना सापडली होती. आत्या विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा सासरच्यांनी तिचे दागिने ठेवून घेतले आणि ही दाढ तेवढी तिच्या पदरात टाकली. त्या एका दाढेवर आत्यानं आमचं घर आणि अर्धा लोधीपुरा वेठीला धरला.

दाढेच्या झिजलेल्या माथ्यावर बेलाच्या पानासारखी तीन पाकळ्यांची खूण होती. म्हणून ती महादेवाच्या भक्त राक्षसाची, असं ठरलं होतं. तान्ह्या मुलांच्या गुटीत तिचा एक वळसा द्यायचा, म्हणजे मूल राक्षसासारखं धट्टंकट्टं होतं. पेठेतल्या बायका बाळं घेऊन यायच्या. आत्या पाटावर बसायची आणि सहाणेवर उगाळायचं काम मी करायची. मुलगी असेल तर मात्र हिरडा-वेखंडावर बोळवण. दाढ फक्त मुलग्यांना.

माझे वडील, बापू, शाळामास्तर होते. त्या वर्षी भूगर्भ खात्याचा एक इंग्रज साहेब तापीकाठी तंबू ठोकून होता आणि बापू त्याचे दुभाषे म्हणून दरडी धुंडाळत फिरत होते. घरी आले की शर्टावर पिवळी माती आणि तोंडाला खळ नाही. त्याच दिवसांत आईला मुलगी झाली. हातात घेतली तर वजन लागू नये, अशी. दूध ओढायचं त्राण तिच्यात नव्हतं.

आईनं आत्यापुढे पदर पसरला. "आक्का, एक वळसा द्या फक्त."

"पोरीच्या जातीले दाढ कशाले?" आत्या म्हणाली. "झिजून झिजून एवढीशी राहिली. उद्या पोरगा झाला तं त्याले काय माझी हाडं उगाळशील?"

मग आई बापूंकडे गेली. बापू नुकतेच दाढ साहेबाला दाखवून आले होते आणि भलतेच खुशीत होते. ते हसले.

"अगं, कसला राक्षस! पाणघोड्याची दाढ आहे ही. बेलाचं पान दिसतं ना, ती त्याच्या दाढांची खूण. आता आफ्रिकेत राहतो तो. याचा अर्थ काय, कळतं का तुला? हजारो वर्षांपूर्वी आपल्या तापीत भर उन्हाळ्यातही खोल डोह असणार, काठाला उंच गवत, हत्तींचे कळप. दरडीत खाली गोट्यांच्या थरात ही हाडं मिळतात. आणि त्याच दरडीत वरच्या थरात काय मिळालं साहेबाला? शहामृगाच्या अंड्याची कवचं! म्हणजे पुढे पाऊस आटला, डोह गेले, माळ कोरडे पडले. एका दरडीत दोन हवामानं!"

आई ऐकत उभी होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं. तिनं विचारलं, "त्यानं बाळ दूध ओढेल का?"

"दगड आहे तो," बापू म्हणाले. "दगडानं कुणी जगतं का?"

बरोबरच होतं त्यांचं. सरकारी दवाखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता, पण मुलीसाठी तिथं जायचं या विद्वान माणसाला सुचलं नाही. ते दरडीचा नकाशा काढत बसले. बाळाचं बारसंही झालं नाही, त्याआधीच ते गेलं. तापीच्या काठी पुरलं.

पुढच्या आठवड्यात बापू पिशवी आणि कुदळ घेऊन पुन्हा त्याच काठाला गेले. संध्याकाळी आईनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "आपल्या बाळाचं काही राहील का हो त्या मातीत? तुमच्या पाणघोड्याचं राहिलं तसं?"

त्यांनी वर्गात समजावतात तसं समजावलं. "मातीत दात टिकतात, जाड हाडं टिकतात. तान्ह्या मुलाची हाडं कोवळी असतात. दात यायच्या आत गेलेल्यांचं सहसा काही उरत नाही." वर असंही म्हणाले की जे उरलं नाही त्याची शास्त्राला गणतीच करता येत नाही, ही मोठी अडचण आहे. आई रिकामा तांब्या उचलून चुलीपाशी गेली.

पुढे मला भाऊ झाला. पाचवीपासून त्याच्या गुटीत दाढ होती. बापू पाहून न पाहिल्यासारखं करायचे. तो रांगायला लागला आणि त्याला जुलाब सुरू झाले. या वेळी बापू स्वतः धावत जाऊन टांग्यातून डॉक्टर घेऊन आले. औषध सुरू झालं, तरी मुलाचे डोळे खोल जात चालले. आत्या त्याच्यासाठी इच्छापूरच्या देवीला नवस बोलायला गेली होती.

दुपारी बापू देवघरात गेले. बाहेर आले ते दाढ घेऊन. मी पुढे झाले तर मला बाजूला सारून स्वतः सहाणेपाशी बसले आणि उगाळू लागले. एक वळसा नाही, कितीतरी. बेलाच्या पानाची बाजूच खाली धरली होती त्यांनी. साहेबानं भिंगातून पाहिलेली ती खूण माझ्यादेखत पुसट होत गेली, आणि घाम त्यांच्या नाकावरून सहाणेवर टपकत होता. त्या वेळी मला बापूंचा जेवढा राग आला तेवढा आत्याचा कधी आला नव्हता. आत्याचा त्या दाढेवरचा विश्वास निदान खरा होता.

आई भावाला मांडीवर घेऊन समोर बसली होती. तिनं विचारलं, अगदी त्याच आवाजात, "त्यानं बाळ दूध ओढेल का?"

बापूंनी मान वर केली नाही. "ओढेल," ते म्हणाले.

आईनं वाटी त्यांच्यापुढे सरकवली. भाऊ वाचला. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, पण बापूंना तिनं पुन्हा काही विचारल्याचं मला आठवत नाही.