कडूबाईंच्या नावावरचे तीस लाख

कडूबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या काउंटरवर. त्यांनी सही केली आणि मग मला विचारलं, "ताई, म्या कशावर सही केली?"

नवरा शेजारीच उभा होता. तो हसला. "तिला सांगून काय कळणार हाय मॅडम? घ्या तुमी फॉर्म."

मी घेतला. एप्रिलचा पहिला आठवडा होता, दारापर्यंत रांग होती, ही कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. पण फॉर्म मी घेतला, हे खरं आहे.

मी आष्टीच्या एका बँकेत क्लार्क आहे. तो फॉर्म पंधरा-जीचा होता. माझं वर्षाचं उत्पन्न कर बसण्याइतकं नाही, असं ठेवीदाराने त्यात लिहून द्यायचं असतं. मग बँक ठेवीच्या व्याजातून कर कापत नाही. कडूबाईंच्या नावावर तीस लाखांची ठेव होती आणि त्यांच्या अंगावर कोपराला विरलेलं झंपर होतं.

तीस लाख आश्रुबांचे होते. आश्रुबा म्हणजे त्यांचे यजमान. सरकारी नोकरीत शाखा अभियंता होते, निवृत्त झाले, ग्रॅच्युइटी आणि फंड एकदम हातात आला. पेन्शन चांगली, वर रस्त्याकडेच्या दोन गाळ्यांचं भाडं. स्वतःच्या नावावर ठेव ठेवली तर व्याजावर कर बसणार. बायकोला तर एक रुपयाचं उत्पन्न नाही. "बायकोची टॅक्सफ्री लिमिट फुकट चाललीय मॅडम," असं ते मला एकदा म्हणाले होते, आणि आपण फार हुशारीचं बोललो असं त्यांच्या तोंडावर होतं. रिकाम्या खोलीत पोती रचावीत तशी त्यांनी तिच्या नावात आपली रक्कम रचली होती.

कडूबाई धनगराच्या घरातल्या. माहेर धामणगावच्या बाजूला. चौथीपर्यंत शाळा, मग मेंढरांमागे. सोळाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा आश्रुबा डिप्लोमा करत होते. त्यांच्या होस्टेलच्या मेसचे पैसे कडूबाईंच्या शेळ्यांनी भरले. पुढे नोकरी लागली, बदल्या झाल्या. साहेब जालन्याला, परभणीला. कडूबाई मागे सासू-सासऱ्यांजवळ, चाळीस शेळ्यांसोबत. बकरी ईदच्या आधी बोकडं विकली जायची आणि पैसे साहेबांच्या हातात जायचे. आष्टीतल्या घराचा स्लॅब एका वर्षीच्या बोकडांवर पडला. हे त्यांनी मला सांगितलं ते तक्रार म्हणून नाही. पाऊस किती झाला ते सांगावं, तसं सांगितलं.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, दोन्ही. नगरच्या खासगी दवाखान्याने खर्च सांगितला तेव्हा आश्रुबा म्हणाले, फुकटचं शिबिर होतं दरसाल, तेव्हा करू. पहिल्या वर्षी शिबिर हुकलं. दुसऱ्या वर्षी नंबर लागला, पण एकाच डोळ्याचा. ती दोन वर्षं ही बाई भिंतीला हात लावून चालत होती, चुलीवर हात भाजून घेत होती, आणि माझ्या बँकेत तिच्या नावावर तीस लाख होते. मला हे कळलं त्या दिवशी मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

ठेवीला तीन वर्षं होत आली तेव्हा आयकर खात्याची नोटीस आली, कडूबाईंच्या नावे. तुम्ही विवरणपत्र भरत नाही, मग ही ठेव कुठून आली, ते कळवा. खात्याला मोबाइल नंबर आश्रुबांचा जोडलेला होता, त्यामुळे कळलं तेही त्यांनाच. ते बीडला विजयसिंह नावाच्या कर सल्लागाराकडे गेले. बायकोला बरोबर नेलं, कारण सही तिची लागणार होती.

चार दिवसांनी कडूबाई बँकेत एकट्या आल्या. एकट्या आलेल्या मी त्यांना प्रथमच पाहत होते. पदराखालून घडी केलेला कागद काढून त्यांनी काचेखालून सरकवला.

"ह्यावर उद्या सही करायचीय म्हनत्यात. बरा डोळा लावून वाचाया बसले, पर अक्षरं लई बारीक. वाचून दावा."

दुपारची जेवणाची सुट्टी होती. मी त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि वाचलं. प्रतिज्ञापत्राचा मसुदा होता. 'मी तीस वर्षे स्वकष्टाने शेळीपालन करीत असून सदर उत्पन्न घरी रोखीने साठवून ठेवले होते. त्या रकमेतून मी माझ्या नावे मुदत ठेव केली आहे. सदर रकमेशी माझ्या पतीचा काहीही संबंध नाही.'

"परत वाचा," त्या म्हणाल्या. मी परत वाचलं.

"त्यो वकील मला इचारतो, मावशी, शेळ्या राखत हुता ना? झालं तर मग. आन् आमचे सायब मान हालवून म्हनत्यात, हिनं लई कष्ट केले, समदी हिचीच कमाई." कडूबाईंचा आवाज चढला नाही. "ताई, शेळ्या इकल्या तवा म्हनायचे, घरातला पैसा हाय, नवराबायकोत तुझंमाझं काय? चार बांगड्या मागितल्या तर म्हनले, तू कवा कमावलंस? आन् आता सोताचं झाकायचं तर माजी कमाई."

त्या उठल्या, फाटकापर्यंत गेल्या, रस्त्याकडेला थुंकल्या आणि परत येऊन बसल्या. पदराने तोंड पुसलं. "घान वाटती," म्हणाल्या.

मग मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. पैसे बायकोच्या नावावर ठेवणं हा गुन्हा नाही. पण नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज कर लावताना नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. म्हणजे साहेबांनी ते आपल्या विवरणपत्रात दाखवायला हवं होतं. ते त्यांनी दाखवलं नाही.

"मंग ती माजी लिमिट?"

"ती तुमच्या स्वतःच्या कमाईसाठी आहे. उसनी देता येत नाही."

"माजी कमाई त्यांनी न्हाई ठिवली." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "म्हंजी ह्यात माजं काईच न्हाई?"

तेव्हा मी आणखी एक गोष्ट सांगितली. ठेवीचं व्याज साहेबांचं धरतात, पण त्या व्याजावर पुढे जे व्याज चढतं ते बायकोचं उत्पन्न. ठेव तीन वर्षं तशीच वाढत होती. व्याजावरचं व्याज चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजार होत होतं. आणि खरं सांगायचं तर कर कुणीही भरो, ठेव तुमच्या नावावर आहे, तुमच्या सहीशिवाय ती मोडता येत नाही.

हे शेवटचं सांगताना माझा आवाज आपोआप खाली गेला होता. मनात होतं की या बाईने सगळे काढून घ्यावेत आणि निघून जावं. कडूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते कळलं असावं.

"नगं," त्या म्हणाल्या. "त्येचा पैका अंगाला लागला तर चिकटंल. ते व्याजावरचं तेवढं ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली नाही. नोटिशीला उत्तर गेलं ते दोन ओळींचं, मी लिहून दिलेलं: रक्कम पतीच्या निवृत्तीची आहे, पतीने माझ्या खात्यात भरली आहे. खाली कडूबाईंची सही, थोडी तिरकी.

आश्रुबा बँकेत आले तेव्हा त्यांचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. कडूबाई मागून आल्या. सगळ्या रांगेसमोर ते बायकोवर ओरडले, "कावून लिहून दिलंस? मला इचारायचं न्हाई का?"

"खोटं लिव्हायचं हुतं तर तुमच्या सहीनं लिव्हायचं," कडूबाई म्हणाल्या.

पुढच्या दोन महिन्यांत आश्रुबांना तीन वर्षांचं व्याज आपल्या उत्पन्नात दाखवून कर भरावा लागला, वर उशिराचं व्याज आणि जादा रक्कम. विजयसिंहांनी त्या कामाची वेगळी फी घेतली. प्रतिज्ञापत्राच्या मसुद्याचीही घेतली, असं ऐकलं. त्यांच्या दुकानाला काही झालं नाही. त्यांच्या दाराशी आजही बायका चपला काढून बसलेल्या असतात आणि आत नवरे बोलत असतात.

शेवटी ठेव मोडून आश्रुबांच्या नावावर करायची ठरली. कडूबाईंनी सही केली, पण पंचेचाळीस हजार मागे ठेवायला सांगितले. त्या पंचेचाळीस हजारांसाठी हा तीस लाखांचा धनी मॅनेजरच्या केबिनमध्ये अर्धा तास भांडला. गळ्याच्या शिरा ताणून. केबिनच्या काचेतून दिसत होतं सगळं. मी पाणी प्यायला उठले. कडूबाई मात्र खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या, चावडीत बसावं तशा.

त्या पैशातून त्यांनी दुसरा डोळा नगरला करून घेतला. बरोबर जाऊबाई, विमलबाई, गेल्या होत्या. साहेब गेले नाहीत.

परवा त्या पासबुक भरायला आल्या होत्या. दोघं अजून त्याच घरात राहतात. कडूबाई त्यांना करून वाढतात आणि आपलं ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसतात. मी विचारलं, "राग गेला का?"

"राग आलाच न्हाई ताई. आला असता तर गेला असता." त्यांनी पासबुक पिशवीत घातलं. "भाकर टाकताना त्यांचं ताट समोर दिसतं ना, तवा शिसारी येती. ती काई जात न्हाई."

बाहेर धामणगावच्या जीपवाल्याने हाक दिली. त्या भावाकडे चालल्या होत्या, महिनाभरासाठी.

"साहेबांना विचारलं का?" मी म्हणाले.

"सांगितलं," कडूबाई म्हणाल्या आणि जीपमध्ये चढल्या.