मारबतीला बांधलेली काडी

साताऱ्याकडच्या बाईला भंडाऱ्यात कोण धाडतं? सरकार धाडतं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या भरतीत मला शिक्षणसेविका म्हणून मोहाडी तालुक्यातलं एक गाव मिळालं. "तिथं पण मराठीच बोलतात की," असं आईला सांगून मी निघाले. कसलं काय!

पहिल्याच आठवड्यात मी तिसरीच्या वर्गावर ओरडले, "काय कालवा लावलाय रे?" आमच्याकडं कालवा म्हणजे गोंगाट. पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. मग पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली. "आमी नाही केला जी, म्याडम. कालवा तं सरकारनं केला." शेतात पाणी आणणाऱ्या कालव्याबद्दल बोलत होती बया! मी पोट धरून हसले. पुढं एकदा मला सांबार आवडतं असं बोलून गेले, तर दुसऱ्या दिवशी टेबलावर कोथिंबिरीच्या जुड्या. इकडं कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. सगळ्यात मोठी जुडी त्याच पोरीची होती. वर्गात तिची टकळी कधी थांबायची नाही.

हा हसण्याचा आवाज मोठ्या गुरुजींना खपायचा नाही. मोठे गुरुजी म्हणजे आमचे हेडमास्तर. माणूस इथलाच, पण शाळेत मार खाऊन शुद्ध बोलायला शिकलेला, आणि दुसऱ्यालाही तसंच शिकवायचं असा हट्ट. पोरगं "मले" म्हणालं की काडी बसलीच. काडी बेशरमाच्या झुडपाची. गावाबाहेर बोडी, म्हणजे लहान तळं आहे, तिच्या काठी हे बेशरम रान माजलेलं. काडी तोडून आणायची पोरांनीच, आणि खायचीही पोरांनीच. पाण्यात भिजवलेली ती काडी पोटरीवर उठली की कातडी फाटायची. मारता मारता गुरुजींच्या तोंडून मात्र "का रे" ऐवजी "काहून बे, काहून?" असंच निघायचं, तेव्हा शुद्ध मराठी कुठं जायची कोण जाणे.

पाऊसकाळात तालुक्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी त्या पोरीला पाढा विचारला. ती म्हणाली, "मले येते जी, पण तुमी बसा ना खाली, उभे काहून हा?" साहेब हसले, बसले, पाढा ऐकून गेले. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि गुरुजींनी पोरीला ओढत व्हरांड्यात नेलं. मी धावत पोचेपर्यंत काडी मोडली होती. पोरीच्या तळहातांवर रक्त होतं, कानामागं वळ होता. मी तिला उचलून घेतलं आणि गुरुजींना तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमची नोकरी अजून कच्ची आहे."

त्या दिवसापासून पोरगी बोलायची बंद झाली. हजेरीला नुसतं बोट वर. रोवण्या, म्हणजे भाताच्या लावण्या आटोपल्यावर तिची माय चिखलाच्या पायांनी माझ्या खोलीवर आली. "घरी बी बोलत नाही जी, म्याडम. मुकी झाली का माही पोट्टी? तिचा बाप म्हणते, पोळा होऊ दे, मंग शाळेतून काढतो आन् शेऱ्या चारायले धाडतो."  

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आरडाओरडा ऐकून मी दार उघडलं. आदल्या संध्याकाळी दारोदार लावलेल्या पळसाच्या डहाळ्या पोरांनी गोळा केल्या होत्या आणि त्या ओढत ती वेशीकडं पळत होती. ही मारबत. घरातली सगळी पीडा तिच्यावर घालायची, गावाबाहेर नेऊन जाळायची आणि मागं न बघता परत यायचं. खोकला घेऊन जाय, खरूज घेऊन जाय, ढेकूण घेऊन जाय, असा एकच गलका. डहाळ्यांच्या मधोमध सुतळीनं बांधलेली गुरुजींची नवी काडी होती. मी बघितलं आणि दार लावून घेतलं.

शाळा भरली. माझ्या वर्गात येऊन गुरुजींनी काडी टांगायच्या खुंटीकडं बघितलं. "काडी कुठे आहे?"  त्यांनी सगळ्यात मोठ्या पोराला नवी तोडून आणायला सांगितलं. पोरगं जागचं हललं नाही. "बोडीवर मारबत जळाली जी. तिथलं काही आता गावात आनत नाही." गुरुजींचा चेहरा उतरला. रीत त्यांनाही ठाऊक होती, त्यांच्या दारची डहाळीही त्याच जाळात गेली होती. नाही म्हणता येईना आणि राग तर गिळवेना.

मग त्यांनी हात लांब केला आणि समोर बसलेल्या त्या मुक्या पोरीची वेणी धरली. "तू नेलीस ना? बोल! बोलायचं नाही तर जीभ कशाला ठेवलीस?" पहिल्या थपडेला तिचं डोकं भिंतीवर आदळलं. दुसरीला ओठ फुटला.

माझं डोकं फिरलं. दारात शाळेची घंटा टांगलेली होती, तिच्याखाली ती बडवायचा लोखंडी दांडा. तो मी कधी उचलला मला कळलंही नाही. "वेणी सोडा, नाहीतर इथंच कवटी फोडीन तुमची!" मी नुसती धमकी देत नव्हते. दांडा डोक्यावर उगारला होता, आणि तो खाली आणायचाच बाकी होता. गुरुजींनी वेणी सोडली आणि दोन्ही हात तोंडावर धरले. 

"त्याईले मारू नोका जी, म्याडम."

पोरगी भिंतीला धरून उभी होती. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"बहुत लागते जी," ती म्हणाली.

 मग मागून एक पोरगं किंचाळलं, "बोलली बे! थे बोलली!" आणि अख्खा वर्ग उठून दारातून सुटला, धानाच्या बांध्यांकडं, म्हणजे भातखाचरांकडं, तिच्या मायला सांगायला. वर्गात आम्ही तिघंच उरलो. दांडा अजून माझ्या हातात होता.