दोन बारांमधलं ओलं फडकं

आमच्या घरात ठासणीची बंदूक होती आणि ती माझ्या सासऱ्यांना पोटच्या पोरापेक्षा लाडकी होती. हे मी रागानं म्हणत नाही. म्हणजे रागानंच म्हणते, पण खरं तेच आहे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. रानडुकरांपासून पीक राखायचा परवाना सासऱ्यांचा, गावातला मानही त्यांचाच. परवान्यासाठी अमरावतीला खेटे घातले ते मात्र माझ्या नवऱ्यानं, आणि बार भरायचं, उडवायचं कामही नवऱ्याचंच. नवऱ्याचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आताही घेणार नाही.

हे संत्र्याची कलमं करायचे. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाची साल चाकूच्या टोकानं उचलायची, तिच्याखाली संत्र्याच्या फांदीचा डोळा सरकवायचा आणि वरून केळीच्या सोपटानं बांधायचं. पार चांदूर रेल्वेकडून बागवाले यांना न्यायला यायचे. आमचं घर त्या उजव्या हातावर चालायचं.

बंदुकीशीही हे तसेच सावकाश वागत. ठासणीच्या बंदुकीत दारू नळीच्या तोंडातून ओततात, वर बोळा घालतात आणि लोखंडी गजानं ठासतात. बोळ्याला दुसरीकडे काथ्या घेतात, कागद घेतात. आमच्याकडे कापूस. वऱ्हाडात कापसाला काय तोटा! पण कापूस मेला लवकर विझत नाही. बार उडून गेला तरी एखादा पुंजका नळीच्या तळाशी धुमसत राहतो आणि वरून काही दिसत नाही. त्यावर नवी दारू पडली की आटोपलं. म्हणून हे प्रत्येक बारानंतर थांबायचे. गजाला ओलं फडकं गुंडाळून तळापर्यंत फिरवायचे. आत चर्र वाजलं तर पुन्हा ओलं, मग कोरडं. दारू डब्यातून सरळ ओतायची नाही, शिंगाच्या लहान मापातूनच. तोंड नळीवर न्यायचं नाही. गज दोन बोटांत धरायचा, तळहातानं रेटायचा नाही.

"गेली तं दोन बोटं जातीन," हे मला हसून सांगायचे, "सारा हात कायले द्याचा?"

सासऱ्यांना हे सारं बायकी वाटे. "पोतेरं फिरवते माहा पोट्टा," असं ते चारचौघांत सांगत.

एका वर्षी हुरडा खायला नणंदेच्या सासरची माणसं बार्शीटाकळीहून आली होती. दिवस कलला होता. मी आगटीजवळ कणसं भाजत होते, तोच ज्वारीच्या कडेला डुकरं आली. यांनी बार टाकला. एक डुक्कर लोळलं, पण पुन्हा उठलं आणि लंगडत धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, निघालं. यांनी बंदूक उभी धरली आणि फडकं लोट्यात बुडवलं.

"पाहा!" सासरे ओरडले. "डुक्कर चाललं पातूरच्या रानाले अन् आमचा पोट्टा भांडे घासून राहिला!"

पाहुणे खो खो हसले. सासऱ्यांना आणखी चेव आला.

"अबे, मानूस हाये का बाई? टाक ते फडकं! हे घे, ओत!" म्हणत त्यांनी दारूचा डबाच यांच्या हातात कोंबला.

तीस वर्षांचा माणूस, पण बापाच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. यांनी एकदा पाहुण्यांकडे पाहिलं. फडकं मातीत पडलं आणि डबा सरळ नळीवर उलटा झाला.

मोठा आवाज झाला तो नळीचा नव्हे, डब्याचा. धूर विरला तेव्हा हे धुऱ्यावर बसून आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते, आणि तिथं पाहण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मी ओरडत धावले. सासरेही धावले. त्यांनी आधी बंदूक उचलली आणि नळीवरून हात फिरवला.

"नळी तं नाई ना फुटली?" त्यांनी विचारलं.

अमरावतीच्या दवाखान्यात यांचा हात मनगटापासून काढला. घरी आल्यावर हे पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली. "डाव्या हातानं खानारा माह्या पंगतीत नाई बसनार." हे उठले आणि गोठ्यात जाऊन जेवले. त्या दिवसापासून मीही माझं ताट गोठ्यात नेलं. कोणी काही बोललं असतं तर मी तवा हाणला असता. कलमं मी शिकले. माझी निम्मी मरायची. कलमाचा डोळा वाळलेला दिसला की हे तोंड फिरवून घ्यायचे.

काही वर्षांनी सासऱ्यांना लकवा मारला. हातपाय गेले, वाचा गेली, भूक तेवढी शाबूत राहिली. सासूबाई आधीच वारल्या होत्या. मी सरळ म्हटलं, "राहू द्या उपाशी."

"नाई," हे म्हणाले. "मी चारतो."

यांनी डाव्या हातानं दुधात भाकरी कुस्करली आणि घास पुढे केला. म्हाताऱ्यानं तो हात पाहिला आणि तोंड घट्ट मिटलं. दुपारपर्यंत मिटलेलंच होतं. मग भुकेनं उघडलं.

पहिला घास गेला. दुसऱ्यासाठी म्हातारा आ करून राहिला. पण यांनी ताटली बाजूला ठेवली, फडकं लोट्यात बुडवलं, मुठीत पिळलं आणि हे बापाचं तोंड पुसायला लागले. आधी ओलं, मग कोरडं. मग पुन्हा एकदा ओलं. म्हाताऱ्याची जीभ बाहेर येत होती, नजर ताटलीवरून हलत नव्हती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. यांनी तेही पुसलं.

"घाई नाई कराची, बाबा," हे अगदी मऊ आवाजात म्हणाले.

मग दुसरा घास. मग पुन्हा फडकं.

मी दारात उभी राहून पाहत होते आणि मला फार बरं वाटत होतं. रोज असंच चालायचं. एक भाकरी संपायला दिवस कलायचा. लोट्यातलं पाणी गढूळ झालं की मी ताजं भरून आणून द्यायची.