बीटचा लाल

माझा मोठा भाऊ रंगाच्या दुकानात शेड जुळवून देतो. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा आणतं, जुन्या भिंतीचा पोपडा आणतं, आणि दादा पांढऱ्या डब्यात थेंब थेंब रंग सोडत नेमका तोच रंग तयार करतो. दुकानात आता मशीन आहे, पण मशीनने काढलेली शेडसुद्धा मालक आधी त्याच्यापुढे धरतात. दादा पुठ्ठ्यावर पट्टा ओढतो, वाळवतो, दाराशी उजेडात नेतो, एक डोळा बारीक करतो आणि म्हणतो, "तांबडं वर आलंय." मालकांना काही दिसो न दिसो, ते मान डोलावतात. त्या डोळ्यापुढे बोलायची कोणाची छाती नाही, घरात तर नाहीच नाही.

तर या माणसाच्या मोठ्या आतड्याला सूज आहे. आतून जखमा होतात, रक्त पडतं, आणि जायची वेळ आली की थांबणं हातात राहत नाही. घरापासून दुकानापर्यंत कुठे कुठे संडास आहे ते त्याला तोंडपाठ आहे: बँकेतला, टायरवाल्याचा, वाचनालयाच्या जिन्याखालचा. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि स्वच्छ सांगितलं, की रक्त थांबायला हवं. नाही थांबलं तर दवाखान्यात राहून सलाइनमधून औषध, आणि तेही लागू नाही पडलं तर मोठं आतडं काढून पोटावर शौचाची पिशवी. दादाने बाकीचं काही ऐकलं नाही, पिशवी तेवढी ऐकली. दिवसभर काउंटरशी उभा राहणारा माणूस तो. त्याला पिशवी नको होती. आम्हालाही नको होती, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

वहिनीचा भाऊ, ज्याला आम्ही सगळे सल्लागार म्हणतो, तो हळदीच्या कॅप्सूल घेऊन आला. "सूज उतरवते," तो म्हणाला. कोणाची, ते त्याने सांगितलं नाही. कॅप्सूलने दादाच्या छातीत जळजळ सुरू झाली. साधा माणूस काय करील? कॅप्सूल बंद करील. दादाने थंडावा म्हणून कोरफडीचा रस सुरू केला. कोरफडीने पोट सैल झालं, म्हणून इसबगोल. इसबगोलने पोट फुगलं, म्हणून पुदिन्याच्या तेलाच्या गोळ्या. आणि जुनं काही बंद झालं नाही बरं का, प्रत्येक वेळी नुसती भर.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे हा प्रकार रोज डोळ्यांसमोर होता. एकदा न राहवून मी म्हटलं, "दादा, जे बाधतंय ते काढून टाक ना."

"डब्यात पडलेला रंग बाहेर काढता येतो का?" तो म्हणाला. "तांबडं जास्त झालं की हिरव्याचा थेंब टाकायचा. दबतं ते."

"पोट म्हणजे डबा नाही."

"तुला त्यातलं काय कळतंय?"

मला खरंच काही कळत नव्हतं.

आणि गंमत अशी, की मधे काही दिवस त्याला चक्क बरं वाटलं. तो वाचनालयावरून न थांबता सरळ दुकानात जायला लागला. मग घरात श्रेयाची मारामारी. सल्लागार म्हणे हळद. वहिनी म्हणे इसबगोल, कारण ते तिने स्वतःच्या हाताने भिजवलेलं. दादाला कोरफडीचा भरवसा. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या रोज वेळेवर पोटात जात होत्या, पण त्यांची बाजू घ्यायला घरात कोणी नव्हतं. मला विचाराल तर कशाने बरं वाटलं ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित कशानेच नाही, आजारालाच सुट्टी घ्यावीशी वाटली असेल.

पुढे त्याला थकवा यायला लागला. जिना चढताना मधेच थांबायचा. सल्लागाराने लोहाच्या गोळ्या आणल्या, वहिनीने बीटची पावडर. आता लोहाने शौचाला काळं होतं आणि बीटने लाल होतं, हे कोणीही सांगेल. आमच्या घरात त्यावर चर्चासत्रं झाली. आज काळं का? लोह. आज काळपट तांबूस का? दोन्ही. सकाळच्या चहाबरोबर हे ऐकायचं म्हणजे चहा घशाखाली उतरत नसे. पण खाली गेल्याशिवाय राहवतही नसे, कारण त्या रंगावर सगळं अवलंबून होतं. रक्त असलं तर पिशवी जवळ आली, नसलं तर लांब गेली.

एके दिवशी दादा बाहेर आला आणि म्हणाला, "लाल आहे. पण बीटचा लाल आहे."

"नक्की?" वहिनीने विचारलं.

"रक्ताचा लाल वाळताना तपकिरीकडे जातो. हा जांभळ्याकडे झुकतोय. मी रंग बघत नाही का रोज?"

वहिनीने सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला. ज्याच्या डोळ्यावर अख्ख्या गावाच्या भिंती रंगतात, त्याला काय विचारायचं? त्यानंतर रोज बीटच निघत राहिलं. दादाचा चेहरा मात्र पांढरा पडत चालला. आम्ही सगळ्यांनी मिळून बीटचा आणखी एक चमचा वाढवला. आज हे लिहिताना कोणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटते, पण कोणाच्या, ते ठरत नाही.

तपासणीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. त्याने थैलीतून एकेक बाटली काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मांडली. टेबल भरलं. बाई रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी एकेक बाटली उचलून तिच्यावरचं लेबल वाचलं.

"रक्त पडतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही. बीट आहे."

"कशावरून?"

दादाने तपकिरी आणि जांभळ्याचं सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"यातल्या एखाद्या गोष्टीचा गोळ्यांच्या जोडीला उपयोग होतही असेल," त्या म्हणाल्या. "हळदीवर अभ्यास झालेत. कोरफडीच्या रसाने मात्र जुलाब होतात. पण सगळं एकदम घेतलंत तर मला काहीच कळणार नाही आणि तुम्हालाही नाही. माझ्या गोळ्या सोडून हे सगळं बंद करा. रक्त आजच तपासू. आणि बीट थांबल्यावरही लाल दिसलं, तर वाट न बघता लगेच या."

रक्त तपासायला देऊन बाहेर आल्यावर दादा पायरीवरच बसला. त्याला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"यातल्या एखाद्यानेच सगळं धरून ठेवलं असेल तर?" तो म्हणाला. "तेच काढलं गेलं तर?"

"कुठल्याने?"

"तेच तर कळत नाही."

मी त्याच्या शेजारी बसून राहिले.

घरी सगळ्या बाटल्या खोक्यात भरून मी वर माझ्याकडे नेल्या. वहिनी रुसली. सल्लागार म्हणाला, हळद तरी ठेवा, ती तर घरातलीच. दादा मात्र ठाम राहिला. दुकानात जायचा, यायचा, साधं जेवायचा, कोणाशी फार बोलायचा नाही. लोहाचा काळा रंग आधी गेला.

मग एका सकाळी मी खाली चहा घेत बसले होते. दादा हात पुसत बाहेर आला आणि स्टुलावर बसला. वहिनी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली.

"लाल आहे," तो म्हणाला.

"काल टोमॅटो होता भाजीत," वहिनी घाईघाईने म्हणाली.

"टोमॅटो नाही."

"मग अजून थोडं बीट राहिलं असेल पोटात. असतं राहिलेलं."

दादाने मान हलवली. त्याचा आवाज अगदी सरळ होता, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तसा.

"हा तोच लाल आहे गं. तेव्हाचाच. काही फरक नाही. मी यालाच बीट म्हणत होतो."

वहिनीने भांडं खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. दादा उठून शर्टाची बटणं लावायला लागला, पण ती वरखाली लागली, म्हणून वहिनीने पुढे होऊन ती नीट लावली. मी गाडी बोलवायला फोन हातात घेतला.